दोघांची मात्रा

प्रल्हादराव भंगाळे आरोग्य केंद्रात औषधांच्या खिडकीसमोर उभे होते. पुढे दोन बायका होत्या, मागे कोणी नव्हतं. कुमुदबाईंच्या औषधांचं नवं पाकीट घ्यायचं आणि ती उठायच्या आत घरी पोचायचं, एवढंच डोक्यात होतं. मग खिडकीची जाळी एकदम दूर गेल्यासारखी झाली. ते भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसले. पुढची बाई "अगं बाई, भाऊ पडले!" म्हणून ओरडली तेव्हा ते तिला हातानेच, काही नाही, काही नाही, असं सांगत होते.

डॉक्टर रुबिना तडवींनी त्यांना आतल्या खाटेवर झोपवलं. पायांवर अंगठा दाबला, तर खळगा पडला आणि तसाच राहिला. पाठीला स्टेथोस्कोप लावला.

"काका, छातीत पाणी भरलंय. पाण्याची गोळी घेता ना रोज?"

"घेतो."

"रोज?"

"घेतो म्हटलं ना. मला जाऊ द्या, मॅडम. ती एकटी आहे."

डॉक्टर तडवी तिथल्याच, सातपुड्याच्या पायथ्याच्या. प्रल्हादरावांचं बोरवाडे धरून आजूबाजूची बरीच गावं त्यांच्या एकटीच्या अंगावर होती. डोळ्यांखाली काळं झालेलं, आणि बोलताना मध्येच थांबून पुढचा शब्द शोधायची सवय लागलेली. त्यांनी आशाताईंना प्रल्हादरावांच्या घरी बसायला पाठवलं आणि स्वतः खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या.

"मी तुमच्या दंडाला टिकली लावते," त्या म्हणाल्या.

"ती तिच्यासाठी आहे. मला कशाला?"

"लावू द्या."

प्रल्हादरावांनी बाही वर केली. वाद घालण्याएवढा श्वास त्यांच्याकडे नव्हता.

*

कुमुदबाई गावच्या पोस्टमास्तर होत्या. अख्खं गाव त्यांना पोस्टबाई म्हणायचं, निवृत्त झाल्यावरही. प्रल्हादराव वीज कंपनीत लाइनमन. खांबावर चढणारा नवरा आणि टेबलामागून गावाला शिस्त लावणारी बायको, अशी ती जोडी. मग कुमुदबाईंचा उजवा हात थरथरू लागला, पावलं जमिनीला चिकटू लागली, चेहऱ्यावरचे भाव पुसट झाले. पार्किन्सन्स. मेंदूचा एक छोटासा भाग डोपामिन नावाचं रसायन बनवतो आणि त्याच्या बळावर शरीर हलतं. तो भाग हळूहळू मरत जातो. बाहेरून गोळी दिली की मेंदूला कच्चा माल मिळतो आणि माणूस हलू लागतो. दोन-तीन तासांनी रक्तातली गोळी संपते आणि माणूस पुन्हा लाकूड होतो. डोकं मात्र शाबूत राहतं. कुमुदबाईंचं तर नको तितकं शाबूत होतं.

आजार एवढाच असता तर निभावलं असतं. पण त्यांना रक्तदाब होता, साखर होती, हाडं ठिसूळ होती. जळगावचा मेंदूचा डॉक्टर एक कागद देई, भुसावळचा हृदयाचा दुसरा, हाडांचा तिसरा. प्रत्येकजण आपली गोळी वाढवी, दुसऱ्याची कोणी काढत नसे. रक्तदाबाच्या गोळीने पाय सुजले तर सुजेसाठी नवी गोळी आली. तिने चक्कर आली तर चक्करेसाठी आणखी एक. त्या तिसऱ्या गोळीने थरथर वाढली, आणि सगळ्यांना वाटलं, आजार वाढला.

सांगड योजना आली ती या गुंत्यावर उपाय म्हणून. दंडाला लावायची टिकली हे तिचं एक अंग. कुंकवाच्या टिकलीपेक्षा थोडी मोठी चकती, तिच्या खालच्या बाजूला केसापेक्षा बारीक सुया. त्या दुखत नाहीत, कातडीखालच्या पाण्यापर्यंत फक्त पोचतात. सुयांच्या टोकांवर डीएनएचे कृत्रिम धागे असतात आणि प्रत्येक धागा एकाच औषधाचा रेणू ओळखतो. तो रेणू भेटला की धागा त्याच्याभोवती वळतो, त्या वळण्याने विजेच्या प्रवाहात अगदी बारीक फरक पडतो, आणि टिकली तो फरक वाचते. कोणतं औषध अंगात किती आहे, कधी चढलं, कधी उतरलं, हे क्षणाक्षणाला कळतं. पूर्वी मात्रा ठरायची ती सरासरी माणसाच्या हिशोबाने, आणि सरासरी माणूस सत्तरी ओलांडलेला, पाच आजार असलेला नसतो. सांगडचं दुसरं अंग म्हणजे तिचं गणित. टिकलीच्या आकड्यांवरून ते त्या एका माणसाच्या मूत्रपिंडाची, यकृताची, हृदयाची हुबेहूब प्रतिकृती उभी करी आणि कोणती गोळी काढली तर काय होईल ते आधी तिच्यावर करून बघे.

पहिल्याच वर्षात कुमुदबाईंच्या निम्म्याअधिक गोळ्या गेल्या. पायांची सूज गेली, चक्कर गेली. राहिली ती मुख्य गोळी, अगदी लहान मात्रेत, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा एकदा. तिच्या आधी डाळ-दूध चालत नाही, कारण अन्नातली प्रथिनं आणि ती गोळी आतड्याच्या एकाच दारातून आत जातात आणि गर्दीत गोळी मागे राहते. म्हणून जेवणाच्या वेळा गोळीला बांधलेल्या. गोळीनंतर रक्तदाब बघायचा, मग उठवायचं, चालवायचं, न्हाणीत न्यायचं. भिंतीवरचा सांगडचा डबा वेळ झाली की वाजे आणि त्याचा एक कप्पा उघडे. गोळी तोंडात घालायला हात लागत ते प्रल्हादरावांचे.

कुमुदबाई जवळजवळ दिवसभर हलत्या-बोलत्या असत. गावात सगळे म्हणत, पोस्टबाईंना सांगडने उठवलं. ते खरंच होतं.

*

आठवड्याने डॉक्टर तडवींनी प्रल्हादरावांना बोलावून घेतलं.

"पाण्याची गोळी तुमच्या अंगात औषधालाही सापडत नाही, काका. एकाही दिवशी नाही."

प्रल्हादराव खिडकीबाहेर केळीच्या गाड्या बघत बसले. मग म्हणाले, "ती घेतली की दर अर्ध्या तासाने लघवीला न्हाणीत जावं लागतं. तिला चालवत असताना मध्येच सोडून कसा जाऊ? एकदा गेलो होतो. परत येईपर्यंत ती दाराला धरून तशीच उभी. हात सुटायला आला होता."

"मला सांगायचं होतं."

"सांगून तुम्ही काय करणार होता?"

 डॉक्टरांनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

"तुम्हालाही टिकली लागल्यावर सांगडने तुमचं दोघांचं गणित एकत्र मांडलं. नव्या आवृत्तीत ती तसंच करते. हजारो घरांचे आकडे बघितल्यावर तिला एक गोष्ट सापडली. अंथरुणाला खिळलेलं माणूस किती टिकेल हे त्याच्या औषधांवरून जेवढं कळतं, त्याहून जास्त ते औषध देणाऱ्याच्या तब्येतीवरून कळतं. गोळी देणारा हातसुद्धा औषधाचाच भाग असतो. आतापर्यंत आम्ही तो मोजतच नव्हतो."

"मग?"

"मग ती म्हणते, काकूंच्या मधल्या दोन गोळ्या काढा. रोज चारेक तास काकू गोठलेल्या राहतील. त्या वेळात तुम्ही तुमची गोळी घ्या, न्हाणीत जायचं तितक्या वेळा जा आणि झोपा. रात्रीची गोळीही काढा. सकाळची आणि नंतरची थोडी वाढवा."

प्रल्हादरावांना आधी नीट कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांचा आवाज चढला. "म्हणजे तिला लाकूड करून ठेवायचं, आणि मी पलीकडच्या खोलीत घोरायचं?"

"असं केलं नाही तर..." डॉक्टर शब्दासाठी थांबल्या. "तुमचं हृदय हे वर्ष काढेल की नाही, सांगता येत नाही. तुम्ही नसाल तर काकूही फार दिवस काढणार नाहीत."

"मी गोळी घेतो. आजपासून घेतो. झालं?"

"आणि काकूंना न्हाणीच्या दारात सोडाल?"

ते उठले. दारापाशी वळून म्हणाले, "तिला यातलं काही सांगायचं नाही. माझं उत्तर 'नाही' आहे, तेच तिचं."

"काका, शरीर त्यांचं आहे. मला त्यांनाच विचारावं लागेल."

*

मुलीचा फोन त्याच दिवशी आला. हर्षदा नाशिकला होती, एका औषध कंपनीच्या हिशोब खात्यात. जवळची नातेवाईक म्हणून सांगडने तिलाही कळवलं होतं.

"अण्णा, हो म्हणा," ती म्हणाली.

"तू आईला गोठलेली बघितली आहेस का कधी? सांगड यायच्या आधीची? माशी बसली नाकावर तर हाकलता येत नाही तिला. डोळ्यांनी माझ्याकडे बघत बसते."

"माहीत आहे."

"माहीत असणं वेगळं."

"अण्णा, तुम्हाला काही झालं तर आईला कोण बघणार?"

"तू."

हर्षदाने पलीकडे दार लोटून घेतल्याचा आवाज आला. 

"मला नाही जमणार," हर्षदा शेवटी म्हणाली. आवाज अगदी लहान झाला होता. "मी खूप विचार केला. घर, नोकरी, रियाची शाळा... मी महिनाभर करेन, दोन महिने करेन. त्यानंतर आईवर चिडायला लागेन. मला ते करायचं नाही. म्हणून म्हणतेय, तुम्ही राहा."

प्रल्हादरावांना राग यायला हवा होता. पण आला तो थकवा. मुलगी खरं बोलली होती, आणि तिला खोटं बोलायला लावावं इतकं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

*

डॉक्टर तडवी घरी आल्या त्या सकाळच्या गोळीनंतर, कुमुदबाईंचं बोलणं सगळ्यात स्पष्ट असतं त्या वेळेला. कुमुदबाई खुर्चीत उशा लावून बसल्या होत्या. प्रल्हादराव दाराच्या चौकटीला टेकून, हाताची घडी घालून उभे.

डॉक्टरांनी सगळं सांगितलं, काही न लपवता. कुमुदबाई ऐकत होत्या. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, पण तो चेहरा काही दाखवतच नसे.

"हे गोळी घेत नाहीत, मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. आवाज पुसट, शब्द एकमेकांना चिकटलेले. "हातात घेतात. पाणी पितात. गोळी खिशात. मी गोठते, आंधळी होत नाही."

"मग बोलली का नाहीस?" प्रल्हादराव म्हणाले.

"बोलले असते तर घेतली असती का?"



कुमुदबाईंनी डॉक्टरांकडे नजर वळवली. "मशीन काय म्हणतं, यांच्याशिवाय मी किती दिवस?"

"फार नाही, काकू."

"आणि माझ्याशिवाय हे?"

डॉक्टर तडवींनी पुस्तकाएवढा पडदा मांडीवर उलटा ठेवला. "ते आम्ही विचारत नाही."

"मशीनला माहीत असेल ना?"

"असेल."

"मग विचारा. माझ्यासमोर."

"कुमुद, पुरे," प्रल्हादराव म्हणाले.

"तुम्ही थांबा. मी टेबलावर असताना मध्ये बोलायचं नाही." ही त्यांची पोस्टातली जुनी धमकी. इतक्या वर्षांत कोणी ऐकली नव्हती. डॉक्टरांनी पडदा उचलला, काही वेळ बोटं फिरवली आणि वाचलं. 

"बरीच वर्षं," त्या म्हणाल्या.

 कुमुदबाईंचा उजवा हात मांडीवर थरथरत होता, त्यांनी तो डाव्या हाताखाली दाबून धरला.

"म्हणजे यांना माझं दुखणं लागलंय," त्या म्हणाल्या. "मग ठीक आहे. चार तास दिले मी. पण मशीनने वेळ कुठली काढलीय?"

"संध्याकाळची. चारपासून पुढे. काकांची झोप तेव्हा..."

"नाही. संध्याकाळ माझी. शाळा सुटते, बायका ओट्यावर येतात, मला चार शब्द बोलायचे असतात. दुपार घ्या. दुपारी या गावात कुत्रंसुद्धा हलत नाही. मी हलले नाही तर काय बिघडतं?"

डॉक्टर तडवी हसल्या. खूप दिवसांनी हसत असाव्यात, कारण त्यांचं त्यांनाच नवल वाटलेलं दिसलं. त्यांनी दुपार घालून पाहिली. गणित थोडं बिघडत होतं, पण बसत होतं.

"आणि ती हाडांची गोळी पण काढा," कुमुदबाई म्हणाल्या. "ती घेतली की अर्धा तास ताठ बसायचं. ती म्हणे पाच वर्षांनी उपयोगी पडते. पाच वर्षांनी मला कुठे जायचंय?"

प्रल्हादराव दारातून निघून मागच्या अंगणात गेले. डॉक्टर जाताना तिथे आल्या. त्यांना वाटलं ते चिडले असतील. ते नळाखाली बादली भरत होते, बादली केव्हाच भरून वाहत होती.

*

आशाताईंनी कुशीवर कसं झोपवायचं ते दाखवलं. गुडघ्यांमध्ये उशी, पाठीशी लोड, हनुवटी किंचित खाली, म्हणजे लाळ घशात जाणार नाही. श्वास अडखळला तर टिकलीवरून सांगडला कळेल आणि डबा मोठ्याने वाजेल. नाहीतर चारच्या गोळीपर्यंत वाजणार नाही.

पहिल्या दुपारी कुमुदबाईंचं अंग कडक होत जाताना प्रल्हादराव बघत होते. आधी बोटं आखडली, मग मान, मग बोलणं मध्येच तुटलं. डबा गप्प होता. या वेळेला इतके दिवस तो वाजत आला होता, आणि त्याचं न वाजणं त्यांना सहन होईना. ते पलीकडच्या खोलीत जाऊन आडवे झाले. उठले. न्हाणीत गेले. परत येताना दारातून बघितलं. कुमुदबाईंचे डोळे उघडे होते. त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं, जा.

असे काही दिवस गेले. पाण्याच्या गोळीने प्रल्हादरावांच्या पायांची सूज उतरू लागली. झोप मात्र येत नव्हती. पडल्या पडल्या ते कान लावून बसत, आणि पलीकडून काहीच ऐकू येत नसे. एका दुपारी ऊन अतोनात होतं. ते बघायला गेले तेव्हा कुमुदबाईंच्या उघड्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते रडणं होतं की पापण्या न मिटल्यामुळे आलेलं पाणी, कळायला मार्ग नव्हता. विचारून उपयोग नव्हता.

कपाटात जुन्या, सांगडच्या आधीच्या गोळ्यांची पट्टी पडून होती. त्यांनी एक गोळी पाण्यात विरघळवली आणि चमच्याने थेंब थेंब कुमुदबाईंच्या गालात सोडली.

तासभर काही झालं नाही. कुमुदबाईंनी गोठायच्या आधीच वरण-भात खाल्लेला, गोळी आत कुठेतरी अडकून राहिली होती. मग चारची नेहमीची गोळी झाली, आता वाढवलेली, आणि दोन्ही एकदमच रक्तात उतरल्या. औषध जास्त झालं म्हणून डबा वाजू लागला तोवर कुमुदबाई हलायला लागल्या होत्या, पण ते त्यांचं हलणं नव्हतं. मान वळत होती, पाय नाचल्यासारखे फेकले जात होते, खांदे पिळवटत होते. खूप डोपामिन एकदम मिळालं की शरीर असंच सुटतं. प्रल्हादरावांनी घाबरून त्यांना उठवून बसवायचा प्रयत्न केला. उठताक्षणी त्यांचा रक्तदाब कोसळला. त्या सगळ्या वजनानिशी प्रल्हादरावांच्या अंगावर आल्या, त्यांचा हात निसटला, आणि कुमुदबाईंचं कपाळ पलंगाच्या कडेवर आपटलं.

डॉक्टर तडवींनी घरी येऊन टाके घातले. जखम खोल नव्हती, रक्त फार गेलं. प्रल्हादराव भिंतीशी बसले होते, सदऱ्यावर कुमुदबाईंचं रक्त.

"मी दिली," ते म्हणाले. "कपाटातली."

"माहीत आहे. टिकलीने दाखवलं."

"मग ओरडा ना माझ्यावर."

"काका, माझ्याकडे आज सत्तर माणसं झाली," डॉक्टर म्हणाल्या. "ओरडायला मी दुसऱ्या कुणाला तरी ठेवावं म्हणते." त्यांनी हातमोजे काढले आणि त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसल्या. "तुम्हाला काय वाटलं? त्यांना त्रास होतोय?"

"तिच्या डोळ्यातून पाणी येत होतं."

"होत असेल त्रास. अंग आखडलं की दुखतं. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. त्यांनी ते पत्करलंय, तुमच्यासाठी. तुम्हाला फक्त ते घ्यायचं आहे."

"तेच जमत नाही."

"हो," डॉक्टर म्हणाल्या. "ते कठीण असतं."  थोड्या वेळाने त्या उठल्या. जाताना त्यांनी कपाटातली ती पट्टी मागून घेतली.

*

शनिवारी हर्षदा आली. आईच्या कपाळावरच्या पट्टीची सुटलेली कडा तिने नीट बसवली. दुपारी तिने वडिलांना पलीकडच्या खोलीत पाठवलं, आणि स्वतः आईजवळ बसली. आईला गोठताना ती पहिल्यांदाच पूर्ण बघत होती. पहिला अर्धा तास तिने काहीबाही बोलायचा प्रयत्न केला. मग बोलणं थांबवलं. मग ओल्या फडक्याने आईचे डोळे पुसले, नाकावरची माशी हाकलली, पाय चेपले, आणि तिच्या लक्षात आलं की एवढंच करण्यासारखं आहे. तिने ते चार तास केलं.

संध्याकाळी आई बोलू लागली तेव्हा हर्षदाने विचारलं, "दुखतं का गं फार?"

"दुखतं," कुमुदबाई म्हणाल्या. "पण ते सारखे बघायला येतात ना, त्याचा जास्त त्रास होतो. मेलेल्या माणसाकडे बघावं तसं बघतात. त्यांना सांग, बघायचं नाही. झोपायचं."

हर्षदाने ते तसंच जाऊन सांगितलं. प्रल्हादराव मान खाली घालून ऐकत राहिले.

"मी महिन्यातून दोनदा येईन," ती म्हणाली. "त्याहून जास्त कबूल करत नाही. पण तेवढं येईन."

"ये," ते म्हणाले.

ती येत राहिली. एकदाच चुकली, तीही रियाला ताप होता म्हणून. इतर दुपारी कधीतरी शेजारची मालती येऊन माशा हाकलत बसे. पाऊसकाळ गेला. प्रल्हादरावांच्या छातीतलं पाणी ओसरलं, जिना चढताना थांबावं लागेना. कुमुदबाईंनी त्याची किंमत मोजली. रोजच्या आखडण्याने उजवा खांदा धरला, हात वर जाईना, केस विंचरता येईनात. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले, आशाताई करून घेत. खांदा थोडा सुटला, पूर्ण सुटला नाही. सांगडने हे आधी सांगितलं होतं का, असं प्रल्हादरावांनी एकदा विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, शक्यता सांगितली होती, काकूंना माहीत होती. 

दिवाळीच्या आधीची गोष्ट. दुपारी कुमुदबाईंना कुशीवर झोपवून ते पलीकडे आडवे झाले. डोळे मिटून पडायचं एवढंच ठरवलं होतं. जाग आली तेव्हा पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट तोंडावर आलेलं. डबा वाजून वाजून थांबला होता. चारची गोळी केव्हाच टळून गेली होती.

ते धडपडत आत गेले. कुमुदबाई होत्या तशाच, डोळे भिंतीकडे. त्यांनी गोळी दिली, पाणी दिलं, पलंगाच्या कडेवर बसून त्यांची आखडलेली बोटं एकेक करून सोडवायला लागले. "झोप लागली," ते म्हणत राहिले. "अशी कशी लागली, मला कळलंच नाही. तासभर उशीर झाला तुझ्या गोळीला." कुमुदबाईंना अजून बोलता येत नव्हतं. ते त्यांच्या चेहऱ्याकडे बघत वाट पाहू लागले. त्यात राग असेल का, हे नेहमीसारखंच कळत नव्हतं.

बऱ्याच वेळाने ओठ हलले.

"घोरत होतात."

"हो. चुकलंच."

"आधी वाटलं, केळीचा ट्रक अडकलाय चढावर." त्या थांबल्या, गिळलं, पुन्हा बोलल्या. "मग कळलं, तुम्ही."

"डबा वाजला तरी उठलो नाही."

"मी आजारी पडल्यापासून घोरला नव्हतात. सारखे जागे. मला वाटायचं, विसरलात." त्यांची बोटं प्रल्हादरावांच्या हातात हळूहळू सैल होत होती. "पडून ऐकत होते. वेळ गेला."

खूप दिवसांनी प्रल्हादरावांचं अंग हलकं झालं होतं, डोकं स्वच्छ होतं, आणि या गोष्टीची त्यांना लाज वाटत होती. बाहेर ओट्यावर बायकांचे आवाज यायला लागले होते. कोणीतरी विचारत होतं, आज पोस्टबाई नाही का अजून.

"केस विंचरा," कुमुदबाई म्हणाल्या. "माझा हात जात नाही. आणि अंबाडा घट्ट बांधा, काल सुटला होता."

त्यांनी तिला उशीला टेकवून बसवलं, रक्तदाब बघितला, आणि फणी शोधायला उठले.